जातं ते कळलं, येतं कसं?

राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं की पहिले तीन-चार टॅब सगळ्यांच्या ओळखीचे असतात. वाय-फायचं नाव, पासवर्ड, कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी. त्यांच्या पलीकडे, मेन्यूच्या अगदी तळाशी, 'अ‍ॅडव्हान्स्ड' असं लिहिलेलं असतं. कित्येक वर्षं मी तिथपर्यंत जाऊन मागे फिरत असे. चालू असलेल्या गोष्टीला कशाला हात लावा, हा विचार त्यामागे होता आणि तो चुकीचाही नव्हता. त्या दिवशी मात्र आत गेले. 'स्टॅटिक राउटिंग' उघडलं, म्हणजे राउटरला हाताने वाटा लिहून देण्याचं पान. चार रिकामे चौकोन समोर आले: डेस्टिनेशन, सबनेट मास्क, गेटवे, मेट्रिक. खाली 'सेव्ह'चं बटण. पानावर बाकी काहीच नव्हतं, एक स्पष्टीकरणाची ओळसुद्धा नाही.

निमित्त बाबांच्या फोटोंचं होतं. दोन वर्षं ते रोज तास-दीड तास स्कॅनरपाशी बसून घरातले जुने अल्बम एकेक पान करून कॉम्प्युटरवर आणत होते. चार हजारांच्या वर फोटो झाले. प्रत्येकाखाली वर्ष, माणसांची नावं आणि आठवत असेल तर प्रसंग. हे सगळं वरच्या मजल्यावर माझ्या कामाच्या खोलीतल्या एका डब्यात साठवलेलं होतं. डबा म्हणजे दोन हार्ड डिस्क बसवलेलं, नेटवर्कला जोडलेलं स्टोरेज. वर बसलं की फोटो झटकन उघडायचे. खाली, बाबांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर, काही केल्या दिसेनात. आपणच स्कॅन केलेले फोटो पाहायला त्यांना जिना चढून यावं लागे आणि गुडघे आता साथ देत नाहीत. ते एकदाही तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. 'सवड झाली की बघ' एवढंच म्हणाले. त्यामुळे तर मला ते जास्तच लागलं.

घरातली मांडणी अशी होती. ब्रॉडबँडची वायर खाली येते. तिथे मुख्य राउटर, त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. खालच्या सगळ्या उपकरणांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे. त्या राउटरमधून एक केबल वर गेलेली आणि वर दुसरा राउटर. त्याने वरच्या मजल्याचं स्वतःचं वेगळं नेटवर्क केलेलं, १९२.१६८.२ चं. डब्याचा पत्ता १९२.१६८.२.५०. हे वेगळेपण मी मुद्दाम ठेवलं होतं. वर माझी कामाची यंत्रं असतात, शिवाय प्रयोगासाठी आणलेली काही उपकरणं, ज्यांच्या सॉफ्टवेअरवर माझा फारसा विश्वास नाही. ती घरातल्या इतरांच्या फोन-कॉम्प्युटरपासून दूर असलेली बरी.

अशा मांडणीत एक विचित्र गोष्ट घडते. वरून खालचं सगळं दिसतं, खालून वरचं काहीच दिसत नाही. कारण वरचा राउटर 'नॅट' करत असतो. त्याच्या मागे कितीही उपकरणं असोत, बाहेर जाताना तो सगळ्यांच्या पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या छोट्या पुडक्यांवर, स्वतःचाच पत्ता घालतो आणि कोणी काय पाठवलं ते लक्षात ठेवतो. उत्तर आलं की आठवणीतून बघून ते योग्य जागी पोचवतो. न विचारता कोणी आत आलं, तर त्याच्या आठवणीत तशी नोंदच नसते, मग तो दार उघडत नाही. इंटरनेटचे पत्ते अपुरे पडणार हे दिसू लागलं तेव्हा १९९४ साली ही युक्ती पुढे आली. १९२.१६८, १७२.१६ ते १७२.३१ आणि १० ने सुरू होणारे खासगी पत्ते, म्हणजे घरात चालणारे पण बाहेरच्या इंटरनेटवर न चालणारे, १९९६ मध्ये आजच्या रूपात ठरले. मूळ पत्ते साधारण ४२९ कोटी. ते अपुरे पडणारच होते, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. आपण घरोघरी जे १९२.१६८ वापरतो ते या टंचाईतून आलेलं आहे.

बाबांच्या कॉम्प्युटरची अडचण तर याच्याही आधीची होती. त्याने १९२.१६८.२.५० हा पत्ता मागितला की तो प्रश्न खालच्या राउटरकडे जायचा. खालच्या राउटरला १९२.१६८.२ नावाचं काही माहीतच नव्हतं. ज्याची माहिती नाही ते सगळं तो डोळे मिटून सेवा देणाऱ्या कंपनीकडे पाठवतो. म्हणजे वरच्या खोलीतला फोटो मागणारं पॅकेट वायरीतून घराबाहेर पडत होतं आणि तिथे खासगी पत्ता बघून कोणीतरी ते टाकून देत होतं. हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. जेमतेम दहा-बारा पायऱ्यांचं अंतर, आणि त्यासाठी ते बाहेर जाऊन हरवत होतं.

वाट माहीत नसणं म्हणजे काय, हे समजायला राउटिंग टेबल, म्हणजे राउटरजवळची वाटांची यादी, वाचावं लागतं. बहुतेक राउटरमध्ये ते कुठेतरी पाहायला मिळतं. माझ्या खालच्या राउटरमध्ये त्या दिवशी दोनच ओळी होत्या. पहिली: १९२.१६८.१.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे, म्हणजे पुढचा मुक्काम, काही नाही, थेट जोडलेलं. दुसरी: ०.०.०.०, मास्क ०.०.०.०, गेटवे कंपनीच्या बाजूचा एक पत्ता.

मास्क म्हणजे पत्त्यातला किती भाग वस्तीचा आणि किती भाग दाराचा हे सांगणारी पट्टी. २५५.२५५.२५५.० म्हटलं की पहिले तीन आकडे वस्तीचे, शेवटचा आकडा दाराचा. सगळीच शून्यं असली की वस्ती कुठलीही चालेल. त्या ओळीला डिफॉल्ट राउट म्हणतात. तिचं खरं भाषांतर 'बाकीचे सगळे इकडून' असं करावं.

या टेबलात मला सगळ्यात आवडतं ते हे, की कुठल्याही राउटरला पूर्ण वाट माहीत नसते. पूर्वी पायी निघालेला माणूस गावात शिरून विचारायचा आणि गावकरी पुढच्या गावापर्यंतची वाट सांगायचे. 'त्या वडापासून डावीकडे जा, पुढे तिथल्या लोकांना विचारा.' राउटर अगदी हेच करतो. पॅकेटवरचा पत्ता वाचतो, आपल्या टेबलात बघतो, पुढचा मुक्काम सांगतो आणि विसरून जातो. जगाच्या दोन टोकांमध्ये बोलणं होतं ते अशा पंधरा-वीस विसरणाऱ्या वाटाड्यांच्या जिवावर. मोठ्या जाळ्यांनी एकमेकांना वाटा कशा कळवायच्या याचा आराखडा, ज्याला बीजीपी म्हणतात, तो जानेवारी १९८९ मध्ये कर्क लॉगहीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघांनी एका बैठकीच्या जेवणाच्या वेळी नॅपकिनांवर काढला. आजही जगाचं राउटिंग त्याच्याच पुढच्या आवृत्तीवर चालतं. त्या मोठ्या राउटरांची टेबलं लाखो ओळींची असतात. १२ ऑगस्ट २०१४ ला ओळींची संख्या ५ लाख १२ हजारांच्या वर गेली आणि तेवढीच जागा राखलेले कितीतरी जुने राउटर अडखळले. माझ्याकडे दोन ओळी होत्या आणि तिसरी लिहायची होती.

तिसरी ओळ लिहिली. डेस्टिनेशन १९२.१६८.२.०, गेटवे १९२.१६८.१.२, म्हणजे वरच्या राउटरचा खालच्या बाजूचा पत्ता. मेट्रिक १. मास्कच्या चौकोनात मात्र मी २५५.२५५.०.० लिहिलं. पुढे-मागे आणखी एखादं नेटवर्क केलं तर त्याचीही सोय होईल, असा माझा हिशेब होता. मग वरच्या राउटरवर जाऊन नॅट बंद केलं आणि खालच्यांना आत येऊ देणारा फायरवॉलचा, म्हणजे राउटरमधल्या रखवालदाराचा, नियम घातला.

लगेच वरच्या मजल्यावरचं इंटरनेट बंद पडलं. याचं कारण शोधायला संध्याकाळ गेली. वरचा राउटर आता पत्ता बदलत नव्हता, त्यामुळे पॅकेट १९२.१६८.२ चाच पत्ता घेऊन खालच्या राउटरपर्यंत येत होतं. खालचा राउटर नॅट करत होता, पण फक्त १९२.१६८.१ च्या मंडळींसाठी. वरची पॅकेट तशीच बाहेर पडत होती, आणि त्यांच्यावर परतीचा पत्ता असा होता की जगातल्या कुणालाही त्यावर उत्तर धाडता येणार नाही. नॅटच्या नियमात दोन्ही नेटवर्क घातली आणि इंटरनेट आलं. घरगुती राउटरमध्ये ही मेख बऱ्याच ठिकाणी असते. काहींमध्ये तो नियम बदलताही येत नाही. तसा राउटर असेल तर स्टॅटिक राउटच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मास्कने हिसका दाखवला. दोन्ही राउटरवरचे केबलच्या पोर्टचे दिवे विनाकारण फडफडत होते. रात्री सगळे झोपल्यावरही. शोधता शोधता सापडलं की एका जुन्या लॅपटॉपमध्ये कधीकाळच्या प्रिंटरचा पत्ता राहून गेला होता, १९२.१६८.०.९, आणि तो लॅपटॉप थोड्या थोड्या वेळाने त्या प्रिंटरला हाका मारत होता. त्या पत्त्यापर्यंतची वाट बघायला ट्रेसराउट चालवलं. पडद्यावर एकाखाली एक ओळी उतरू लागल्या: १९२.१६८.१.१, १९२.१६८.१.२, १९२.१६८.१.१, १९२.१६८.१.२, पुन्हा तेच, पुन्हा तेच, तीस ओळी भरेपर्यंत. १९२.१६८ ने सुरू होणारं जे आपलं नाही ते सगळं वर पाठव, असं मी खालच्याला सांगून ठेवलं होतं. वरच्याला ते पत्ते माहीत नव्हते, म्हणून तो 'बाकीचे सगळे इकडून' या ओळीने ते खाली ढकलत होता. दोघेही माझी आज्ञा तंतोतंत पाळत होते.

अशी पॅकेट कायमची फिरत राहत नाहीत, त्याचं श्रेय १९८१ साली ठरलेल्या आयपीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्ते-पॅकेटच्या, मूळ नियमांना आहे. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो, टीटीएल. पुष्कळ यंत्रं तो ६४ ने सुरू करतात. मूळ नियमात तो सेकंदांचा हिशेब होता, व्यवहारात मात्र प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट तिथेच संपतं आणि ज्याच्याकडे संपलं तो राउटर पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसराउट उभं आहे ते या कळवण्यावरच. व्हॅन जेकबसन यांनी ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलं. आधी आयुष्य १ दिलेलं पॅकेट सोडायचं, मग २, मग ३, आणि कोण कोण 'माझ्याकडे संपलं' म्हणतो त्याची यादी करत जायची. पॅकेट मरताना जी खबर देतं तिच्यावरून वाट काढण्याची ही कल्पना मला आजही थक्क करते.

मास्क बदलून २५५.२५५.२५५.० केलं. दिवे शांत झाले.

मास्कबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकाच पत्त्याला टेबलातल्या दोन ओळी लागू पडत असतील तर राउटर जास्त नेमकी ओळ निवडतो, म्हणजे जिचा वस्तीचा भाग लांब ती. म्हणून तर 'बाकीचे सगळे' ही ओळ शेवटी येते, आणि माझ्या चुकीच्या मास्कनेही खालच्या मजल्याचं काही बिघडलं नव्हतं. हाच नियम जगाच्या पातळीवर किती महाग पडू शकतो ते २४ फेब्रुवारी २००८ ला दिसलं. यूट्यूबने १०२४ पत्त्यांच्या एका गठ्ठ्याची वाट जाहीर केलेली होती. पाकिस्तानातल्या दूरसंचार कंपनीने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी त्यातल्याच २५६ पत्त्यांची वाट आपल्याकडे वळवली आणि ती ओळ देशाबाहेर निसटली. जास्त नेमकी असल्याने ठिकठिकाणच्या राउटरांनी ती खरी मानली आणि सुमारे दोन तास बाहेरच्या जगाचंही यूट्यूब गेलं. यूट्यूबने प्रत्युत्तर दिलं ते त्याच नियमाने: २५६ चे दोन तुकडे करून १२८-१२८ पत्त्यांच्या, आणखी नेमक्या वाटा जाहीर केल्या. राउटर खरं-खोटं बघत नाही, नेमकेपणा बघतो. एवढं मोठं जाळं इतक्या साध्या विश्वासावर चालत होतं, ही जाणीव अस्वस्थ करणारी आहे. आता वाटेवर सही करून तिची खातरजमा करण्याची पद्धत पसरते आहे, ती सगळीकडे लवकर पोचो.

तर, आता बाबांच्या कॉम्प्युटरवरून डब्याला पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली. उत्तर आलं, एक मिलिसेकंदाच्या आत. ट्रेसराउट केलं. १९२.१६८.१.१, १९२.१६८.१.२, १९२.१६८.२.५०. तीन ओळी, सगळं जागच्या जागी. फोटोंचं पान उघडलं.

ते उघडेना.

पिंग चालतंय, वाट बरोबर आहे, आणि पान फिरत राहतंय. तीन दिवस मी यात घालवले. डब्याचं सॉफ्टवेअर तपासलं, ब्राउझर बदलला, दोन्ही राउटर बंद-चालू केले. गोंधळात भर म्हणजे माझा लॅपटॉप खाली नेऊन बघितला तर त्याच्यावर पान चाललं. म्हणजे दोष बाबांच्या कॉम्प्युटरचा, असं मी ठरवूनसुद्धा टाकलं. तो कॉम्प्युटर पुसून नव्याने भरायच्या बेतात होते.

तिसऱ्या दिवशी बाबा शेजारी येऊन बसले. काय चाललंय विचारलं. मी कागदावर चित्र काढून दाखवलं: हा तुमचा कॉम्प्युटर, हा खालचा राउटर, हा वरचा, हा डबा, आणि इथून असा बाण. त्यांनी चष्मा वर करून कागद बराच वेळ पाहिला.

"जातं ते कळलं मला," ते म्हणाले, "येतं कसं?"

"त्याच वाटेने येतं, बाबा."

"तू सांगितलंयस का तसं त्याला?"

मी काही बोलले नाही. सांगितलं नव्हतंच. तशी गरज असते हे डोक्यातच आलं नव्हतं. मी वर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा उलट्या टोकाकडून ट्रेसराउट चालवलं, डब्यावरून बाबांच्या कॉम्प्युटरकडे. १९२.१६८.२.१, १९२.१६८.१.२०. दोनच ओळी. जाताना तीन मुक्काम आणि येताना दोन.

ट्रेसराउट फक्त जाण्याची वाट दाखवतं. हे मी अनेकदा वाचलेलं होतं. त्याचा अर्थ त्या दोन ओळींकडे बघताना कळला. वाटाड्या विसरभोळा आहे म्हटल्यावर उत्तर त्याच वाटेने येण्याची हमी कोण देणार? उत्तराचं पॅकेट हे राउटरच्या लेखी एक नवीन पॅकेट असतं, त्याचा नवा पत्ता, त्याच्यासाठी टेबल पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. माझ्या घरात होत होतं ते असं: बाबांचा कॉम्प्युटर डब्याला विचारायचा तेव्हा पॅकेट खालच्या राउटरमधून वरच्याकडे जायचं. डब्याचं उत्तर वरच्या राउटरकडे यायचं, आणि वरचा राउटर तर स्वतः १९२.१६८.१ मध्येच उभा होता. बाबांचा कॉम्प्युटर त्याला थेट दिसत होता. मग तो खालच्या राउटरला मध्ये का घालेल? तो सरळ उत्तर देऊन मोकळा व्हायचा.

एवढ्याने बिघडायला नको होतं, पण खालच्या राउटरचा फायरवॉल वाटाड्यासारखा विसरभोळा नसतो. तो प्रत्येक बोलण्याची नोंद ठेवतो. मी डब्यावर पॅकेटची नोंद लावून ते अगदी जवळून पाहिलं. दोन यंत्रांच्या बोलण्याचे जे नियम वेबपानं वापरतात त्यांना टीसीपी म्हणतात, आणि बोलणं सुरू करायला त्यात तीन पावलं असतात. इकडून 'बोलायचंय' म्हणून सिन, तिकडून 'ऐकलं, बोल' म्हणून सिन-अ‍ॅक, पुन्हा इकडून 'ठीक' म्हणून अ‍ॅक. नोंदीत सिन आलेला दिसला. त्याच क्षणी सिन-अ‍ॅक गेला. मग काही नाही. एका सेकंदाने सिन-अ‍ॅक पुन्हा. मग दोन सेकंदांनी. चार सेकंदांनी. आठ. खाली बाबांच्या कॉम्प्युटरवर तीच नोंद लावली तर तिथे सिन-अ‍ॅक प्रत्येक वेळी पोचलेला होता, आणि प्रत्येक वेळी त्याने 'ठीक' म्हणून उत्तरही दिलेलं होतं. ते उत्तर खालच्या राउटरमध्ये अडत होतं. त्या फायरवॉलने सिन जाताना पाहिला होता, सिन-अ‍ॅक येताना पाहिलाच नव्हता, कारण तो त्याच्या पाठीमागून गेला. मग हा 'ठीक' कुठल्या बोलण्यातला? नोंदीत बसत नाही म्हणून तो ते फेकून देत होता. पिंगला अशी तीन पावलं नसतात, एकेक हाक स्वतंत्र, म्हणून ते सुटत होतं. वरच्या मजल्यावर डबा हाका मारतोय, खाली कॉम्प्युटर ओ देतोय, आणि मधला रखवालदार आपलं काम चोख करतोय. माझा लॅपटॉप चालला त्याचंही कारण सापडलं. पॅकेट आलं त्याच बाजूने परत पाठवावं लागलं तर राउटर पाठवणाऱ्याला कळवू शकतो, 'माझ्याकडे येऊ नकोस, सरळ त्याच्याकडे जा.' लॅपटॉपने ते ऐकलं, बाबांच्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ते ऐकणं बंद होतं. त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरचा काहीच दोष नव्हता.

दुरुस्ती सोपी निघाली, पण तिच्यासाठी मांडणी बदलावी लागली. वरच्या राउटरला खालच्या मजल्याच्या नेटवर्कमधून बाहेर काढलं. खालच्या राउटरचं केबलचं एक पोर्ट व्हीलॅन करून, म्हणजे सेटिंगमधूनच बाकीच्यांपासून तोडून, वेगळं केलं आणि त्या केबलपुरतं एक चिमुकलं नेटवर्क बनवलं, १९२.१६८.३.०, मास्क २५५.२५५.२५५.२५२. त्यात दोनच पत्ते वापरता येतात, एक या टोकाला, एक त्या टोकाला. खालच्या राउटरला सांगितलं, १९२.१६८.२.० साठी १९२.१६८.३.२ कडे जा. वरच्याला सांगितलं, बाकीचे सगळे १९२.१६८.३.१ कडून. आता वरच्या राउटरला बाबांचा कॉम्प्युटर थेट दिसत नाही, त्यामुळे जाणं आणि येणं दोन्ही त्या केबलवरूनच होतं आणि दोन्ही राउटरांना दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकू येतं.

हे सगळं वाचून कुणी आपल्या घरी लगेच असं करायला घेईल, तर आधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: खरंच दोन नेटवर्क हवी आहेत का? बहुतेक घरांना नको असतात. वायफाय वरपर्यंत पोचावं एवढंच हवं असेल तर दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवावा, सगळं घर एका नेटवर्कमध्ये येतं आणि यातला एकही प्रश्न उभा राहत नाही. डब्यावरची एकच सेवा खाली हवी असेल तर वरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंगनेही, म्हणजे त्या एका सेवेची मागणी आली की डब्याकडे वळव असं सांगूनही, भागतं. बाहेरून घरात यायचं असेल तर आधी राउटरचा वॅनच्या, म्हणजे ब्रॉडबँड कंपनीच्या, बाजूचा पत्ता बघावा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर कंपनीनेच तुमच्यासारख्या अनेकांना एका नॅटमागे ठेवलेलं आहे, तिथे तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडली तरी उपयोग नाही. आणि मेट्रिकचा चौकोन दोन ब्रॉडबँड जोडण्या असतील तेव्हाच कामाचा. वाटा सारख्याच नेमक्या असल्या तर कमी मेट्रिकची निवडली जाते, बाकी वेळी १ लिहून पुढे जावं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. 'सेव्ह' दाबण्याआधी राउटरच्या सेटिंगची प्रत फाइलमध्ये उतरवून घ्या आणि ती फाइल त्या राउटरवर अवलंबून नसलेल्या ठिकाणी ठेवा. पत्ते बदलताना एकदा मी अशा वळणावर आले की ज्या वाटेने मी राउटरपर्यंत पोचत होते तीच वाट माझ्या नव्या ओळीने बंद झाली. मागच्या छिद्रात पिन खुपसून दहा सेकंद धरली, राउटर कोरा झाला, आणि प्रत होती म्हणून पंधरा मिनिटांत घर पूर्ववत चालू झालं. त्या पंधरा मिनिटांत बाबांचा त्यांच्या बहिणीशी ठरलेला व्हिडिओ कॉल होता. तो बुडाला. आत्या आठवड्यातून एकदाच वेळ काढू शकते. तेव्हापासून घरातलं कोण कधी काय करणार आहे हे विचारल्याशिवाय मी त्या पानाला हात लावत नाही.

शेवटचा बदल केला तो दुपारचा. बाबांच्या कॉम्प्युटरवर पान उघडलं आणि फोटोंचे चौकोन एकेक करून भरत गेले. त्यांनी पहिला फोटो मोठा केला, खालचं स्वतःचंच टिपण वाचलं, एका नावाचं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि पुढच्यावर गेले. मी उठले तशी म्हणाले, "थांब, आता वरून खाली करून बघितलंस का?"

वर गेले. डब्यावरून त्यांच्या कॉम्प्युटरकडे ट्रेसराउट चालवलं. १९२.१६८.२.१. १९२.१६८.३.१. १९२.१६८.१.२०. तीन ओळी.

"तीन!" जिन्यातूनच ओरडून सांगितलं. खालून माउसचे क्लिक ऐकू येत होते.